लूर्दमेरीपाशी रडलीस

विनुता : सारी गल्ली सांगते मला. गंगाबाई लूर्दमेरीबरोबर चर्चमध्ये गेली, तेथे हुंदके देऊन रडली. पोटची पोर मी, अम्मा. मला फुलवालीकडून कळायचे काय?

गंगाबाई : शेजारीण आहे. गुड फ्रायडे, चला अक्का म्हणाली. गेले. मोगऱ्याची माळ नेली होती.

विनुता : त्या दिवशी माळ?

गंगाबाई : मज काय ठाऊक? कोविलात, देवळात, रिकाम्या हाताने जातात काय? तेथे दिवा नाही, फूल नाही, वेदीवरचे कापडसुद्धा काढलेले. मी माळ धरून उभी. लूर्दमेरी म्हणाली, आज त्याला सजवायचे नाही. नुसते त्याच्यापाशी बसायचे.

विनुता : आणि बसलीस. माझ्याबरोबर प्रदोषाला ये म्हटले की गुडघे दुखतात तुझे.

गंगाबाई : ऐक तर. क्रुसावर तो काय काय बोलला, ते फादर सांगत होते. एकदा ओरडला म्हणे, माझ्या देवा, मला का टाकलेस? मी लूर्दमेरीला विचारले, मग देव काय बोलला? काही नाही, म्हणाली.

विनुता : तरी पूजतात?

गंगाबाई : मीही तेच विचारले. म्हणाली, टाकलेल्या माणसापर्यंत देव स्वतः आला, असे आम्ही मानतो. सारे पटले नाही मज. पण असे विचारणे पाप नव्हे, एवढे कळले. मग रडू आले.

विनुता : मी विचारू दिले नसते?

गंगाबाई : आपला मुरली पापनाशमच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हा तुझ्यापुढेच विचारले होते. देवाने का टाकले गे आम्हाला? तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. दुसऱ्या दिवशी वाध्यार भटजी बोलावून शांती केलीस.

विनुता : घाबरले होते.

गंगाबाई : दिसले ते. म्हणून सहा वर्षे तुझ्यापुढे त्याचे नाव काढले नाही.

विनुता : जळते मी, अम्मा. ती तुझा हात धरून बसली, म्हणून जळते. माझाही भाऊ होता तो. त्या रडण्यात माझा वाटा होता, तो तिला दिलास.

गंगाबाई : तू कधी रडलीस त्याच्यासाठी?

विनुता : तू रडत नव्हतीस. मी कशी रडू?

(गंगाबाई चटईवर थोडी सरकून जागा करते.)

गंगाबाई : ये. नुसते माझ्यापाशी बस.