पाणी जातं कुठं?

(दुपार. गॅरेजमध्ये बॉनेट उघडलेला जुना ट्रक. मिस्त्री इंजिनात डोकं घालून उभा. ट्रक चालवणारी सून त्याच्या शेजारी; तिचे सासरे एका टायरवर बसलेले.)

मिस्त्री : …आणि ही ऑइलची पट्टी. नीट बघा, वहिनी. आत पाणी गेलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं. हे कसं काळंकुट्ट आहे! म्हणजे तब्येत ठणठणीत.

सून : पण हायवेवरचा तो मिस्त्री छातीठोक सांगत होता, हेड गॅस्केट गेलं म्हणून. पाणी इंजिनच पितंय म्हणाला.

मिस्त्री : पितंय तर सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला हवा, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठायला हवेत. सकाळी एवढा वेळ चालू ठेवली होती गाडी. दिसला एक तरी बुडबुडा?

सून : नाही. मग पाणी जातं कुठं?

मिस्त्री : तेच तर. सकाळी गाडीखाली ओल असते का?

सून : घरी कधीच नाही; बाहेर मातीत काय कळणार? घरी असली की पाणी उतरतसुद्धा नाही. सकाळी झाकण काढावं तर काठोकाठ. लांबची खेप असली, बाहेर मुक्काम पडला, की दुसऱ्या दिवशी काटा लालकडे. घरात गुणी आणि बाहेर आगाऊ!

मिस्त्री : अशी माणसं पाहिलीत मी. गाडी पहिल्यांदाच बघतोय.

सून : हसू नका हो. ट्रक विकत मागणारं ते गिऱ्हाईक आज फोन करणार आहे. इंजिन उतरवायचं असेल तर माझ्याच्याने नाही होणार, गाडी देऊन मोकळी होईन. परवा चढावर वाफ आली ना, तेव्हा कशीबशी कडेला घेतली गाडी.

सासरे : द्यायची तर दे, पोरी. माझ्याकडे बघू नकोस. तुझ्या जिवापेक्षा लोखंड मोठं नाही.

सून : म्हणून तर कालपासून धड जेवला नाहीत तुम्ही.

सासरे : वय झालं की भूक कमी होते माणसाची.

मिस्त्री : थांबा, आधी दाब देऊन बघतो. हे काट्याचं यंत्र रेडिएटरच्या तोंडावर लावायचं आणि हवा भरायची. काटा जागेवर राहिला तर ठीक… नाही, उतरतोय. हळूहळू, पण उतरतोय. म्हणजे गळतंय नक्की. पण शोधू कसं? अख्खं इंजिन ओलंगच्च! मी जेवायला गेलो तेव्हा कोरडं होतं की हो हे!

सासरे : मी धुतलं.

मिस्त्री : काय?

सासरे : तुम्ही जेवायला गेलात ना, तेव्हा दोन बादल्या मारल्या. गार झाल्यावर मारल्या हं, तेवढं कळतं मला. डॉक्टर तपासणार म्हटल्यावर माणूस आंघोळ करतोच की. पारोशी कशी ठेवायची तुमच्यापुढे?

मिस्त्री : धन्य आहात, काका! मी थेंब शोधतोय आणि तुम्ही इथे तळं करून ठेवलंत.

सून : रोजचंच आहे त्यांचं. मी उठायच्या आत गाडीचं तोंड, चाकं, खालची फरशी, सगळं लख्ख.

मिस्त्री : खालची फरशी? रोज? काका, तुम्ही धुवायच्या आधी ओली असते का ती?

सासरे : या डोळ्यांना काय दिसणार? पण पायाला लागते ओल, पुढच्या चाकांच्या मधे. जुनी गाडी, टपकायचंच थोडं. म्हणून तर धुतो. शेवाळ धरलं तर ही घसरायची.

मिस्त्री : आणि रेडिएटर?

सासरे : त्याचं काय?

मिस्त्री : मी काय विचारतोय ते तुम्हाला चांगलं कळलंय.

सासरे : भरतो की. बोट घालून बघतो, कमी लागलं तर डबाभर ओततो. कधी दोन. ही दमून आलेली असते, सकाळी घाईत निघते. वाटेत अडकायला नको.

सून : रोज भरता?

सासरे : तू घरी असलीस की रोज.

सून : अहो बाबा! आणि मला वाटायचं पाणी उतरतच नाही!

मिस्त्री : नळाचंच ना? तरीच म्हटलं, रेडिएटरमधल्या कूलंटचा हिरवा रंग गेला कुठं! रंग राहिला असता तर गळक्या जागी डाग पडला असता, कुणालाही सापडला असता. तुम्ही ते पातळ करत करत निव्वळ पाणी करून टाकलंत. वर फरशी धुतलीत आणि रेडिएटर काठोकाठ! चोरालासुद्धा एवढी सफाई जमत नाही, काका.

सासरे : म्हणजे मीच…

मिस्त्री : ते नंतर. आधी कोरडं फडकं द्या. सगळं पुसून घेतो… आता पुन्हा हवा. वहिनी, बॅटरीचा उजेड धरा, इथे, पंख्याच्या मागे. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. डोळा हलवू नका.

सून : काही नाही… काहीच नाही… आला! थेंब आला! हा बघा दुसरा!

मिस्त्री : सापडला. गाडी थंड झाली की गळत असणार, रात्रभर थेंब थेंब. इंजिन उतरवायचं नाही, हेडला हातही लावायचा नाही. नवा पंप आणि नवं कूलंट. उद्या घेऊन जा.

सून : खरं सांगताय?

मिस्त्री : खोटंच बोलायचं असतं तर इंजिन नसतं का उतरवलं?

सून : अगदी देवासारखे भेटलात हो!

मिस्त्री : देव राहू द्या, चहा सांगा. मी पंपाचं बघून येतो.

सासरे : पोरी… माझ्यामुळे तू गाडी विकायला निघालीस. चढावर तुझ्या जिवाला काही झालं असतं म्हणजे?

सून : काही झालं नाही ना? मग पुरे. आणि घरून निघाल्यावर मी कधी अडकले नाही, ते कुणामुळे? मला वाटायचं माझंच नशीब चांगलं. बाबा, माझ्यासाठी इतक्या पहाटे माझ्या माहेरीसुद्धा कुणी उठलं नाही.

सासरे : आता दुसरं काय येतं मला? डोळे गेले तेव्हा म्हटलं, आपलं गाडी चालवणं संपलं. पोराचा जीव दुकानात, तो काही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडी भंगारातच जायची. आणि तू म्हणालीस, बाबा, चावी द्या. सगळ्या नात्यागोत्यात हसू झालं. तू मात्र गल्लीतून एका दमात मागे घेतलीस, भिंतीला कुठं खरचटलंसुद्धा नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली बघ. तुला हे कधी सांगितलं नाही. बोलायला जमत नाही मला. पाणी भरायला जमतं.

सून : पोचलं, बाबा. सगळं पोचलं. फक्त यापुढे कूलंट भरा, आणि भरलं की मला सांगा.

सासरे : सांगेन. फोन वाजतोय तुझा.

सून : तेच आहे, गिऱ्हाईक. तुम्हीच बोला. ट्रक तुमच्या नावावर आहे.

सासरे : हॅलो… हो, मीच. नाही, ट्रक विकायचा नाही आता… किमतीचं नाही हो. कोण, मालक? कागदावर असेल माझं नाव. थांबा, मालकिणीला देतो.