शिट्टी

कोल्हापूर स्टेशनावर मिरजेच्या तिकिटाच्या रांगेत होतो. पुढच्या माणसाच्या काखेत हातभर पितळी इंजिन होतं. त्याच्यापुढचा म्हातारा सारखा मागं वळून बघत होता.

"पावणं, खेळणं हाय व्हय?"

"खेळणं कुठलं? वाफेवर चालतंय. माझ्या लेथवर केलंय. तिसरं हाय."

"पहिल्या दोनांचं काय झालं?"

"पहिलं गळायचं, दुसरं वळणावर आडवं व्हायचं. दोन्ही बघून आबा म्हणाले, किटली झ्याक जमलीया."

"आबा कोण?"

"माझे वडील. मिरजेत असत्यात. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं त्यांनी."

"मग ह्ये बघून काय म्हणाले?"

"आता त्यांना दिसत न्हाय. परवा मिरजेत त्यांच्या अंगणात चालवलं, तर आवाज ऐकून खेकसले, ‘शिट्टी न देता गाडी कुणी सोडली रं?’"

"मग?"

"मग काय, शिट्टी बसवून निघालोय की."