गोळी माझी, कौल सगळ्यांचा

...नाही, तुम्हीच सांगा, बरोबर आहे का हे? बसा, स्टूल डुगडुगतं, सांभाळून. पावडर लावता लावता सांगते. गोळी मी गिळणार, डोकं माझं, बिघडलं तेही माझंच, आणि कोणती गोळी घ्यायची हे ठरवणार कोण, तर लुकांगच्या मात्सूदेवीच्या देवळासमोरचं अख्खं पटांगण! मला विचारलं का कुणी? नाही.

तुम्ही म्हणाल, श्यूल्वान, तू बोलायचंस ना तोंड उघडून. कसं बोलू? धंदाच असा. बायकांच्या तोंडावरची लव काढायची, तर दोऱ्याचं टोक माझ्या दातात. तो सुटला की गिऱ्हाइकाची अर्धी भुवई गेली. म्हणून मी दिवसभर नुसती 'हं' आणि 'अंहं', आणि एवढ्यावर लोकांनी माझा संसार ठरवून टाकलाय.

तर तुम्हाला सांगते, गेल्या साली मला आलं उधाण. झोप नाही, थकवा नाही, गल्लीतल्या सगळ्यांच्या भुवया फुकटात कोरून दिल्या, चौकीतल्या हवालदाराच्यासुद्धा, तो नको नको म्हणत होता तरी. आणि मग ओहोटी... अशी ओहोटी की सकाळी पाय जमिनीला टेकवणं जिवावर यायचं. दोरा पेटीत पडून. आई यायची, माझे केस विंचरायची आणि काही बोलायची नाही. आमची आई बोलत नाही म्हणजे काय, हे गावात कुणालाही विचारा.

डॉक्टर त्साय भला माणूस. म्हणाला, "नुसतं उदासीवरचं औषध दिलं तर पुन्हा उधाण यायचं. तुला दोन्हीकडून तोल सांभाळणारं हवं." म्हटलं, द्या. तर म्हणे तीन आहेत! लिथियम, जुनं, भरवशाचं, पण रक्त तपासत राहायचं आणि काहींचे हात थरथरतात. क्विटायपिन, लवकर उतार पडेल, पण झोप येते, भूक वाढते. आणि लॅमोट्रिजिन, ते मुंगीच्या पावलानं वाढवायचं, पण अंगावर पुरळ उठलं तर गोळी बंद आणि धावत इकडे. "घरी जा, विचार कर, मग दोघं मिळून ठरवू."

विचार कर म्हणे! अहो, चहा घेऊ की पाणी एवढंही ठरवता येत नव्हतं मला. मग विचार केला आईनं, तोही देवळासमोर शेंगदाण्याची खीर विकणाऱ्या फेंगमावशीपुढे. झालं! मावशी म्हणते, "हात थरथरायची नको गं बाई, ही बायकांचे कान कापेल." दोऱ्यानं? "झोपेची नको, दातात दोरा धरून घोरेल. आणि पुरळाची तर नकोच नको, तोंडं साफ करणारीच्याच तोंडावर पुरळ, कोण येईल हिच्याकडे?" मी तिथेच, त्यांच्यामध्ये बसलेली! दातात दोरा नव्हता, तरी तोंड उघडत नव्हतं. मला विचारलं का कुणी? नाही.

आई उठली ती थेट देवीपुढे, कौल लावायला. लाकडाच्या त्या दोन चंद्रकोरी टाकायच्या, एक उताणी एक पालथी पडली की होकार, दोन्ही उताण्या पडल्या की देवी नुसती हसतेय, उत्तर देत नाही. "मात्सूमाय, लिथियम देऊ?" हसली. "मग ती... क्वि... क्वि... झोपेची?" हसली. "पुरळाची?" पुन्हा हसली! कौलासाठी मागे उभी असलेली रांगही हसायला लागली. आई अशी भडकली, "माझी पोर अंथरूण सोडत नाही आणि तुला हसू सुचतंय? मग विचारू तरी कुणाला? तिलाच?"

आणि टाकल्या रागारागानं. होकार. पुन्हा टाकल्या, होकार. तिसऱ्यांदाही होकार. तीनदा होकार म्हणजे देवीचा हुकूमच.

दवाखान्यात आई म्हणाली, "तिला विचारा. देवीचा हुकूम आहे." डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसला. "श्यूल्वान, तुला काय जपायचंय?" आणि मी... इतके दिवस किरकिरत होते मनात, मला विचारत नाही, मला विचारत नाही, आणि विचारलं तर शब्द नाही! केवढ्या वेळानं म्हटलं, "माझे हात शाबूत राहू द्या." आणि रडले. खूप दिवसांनी रडले, बरं वाटलं.

थरथर नको, दोरा धरून पेंगायलाही नको, मग ठरलं ते मुंगीच्या पावलाचं औषध. आता पुरळावर पहारा! आई सकाळ-संध्याकाळ मला उजेडात धरून बघायची. एकदा मानेवर लाल ठिपका दिसला, तर आई, फेंगमावशी आणि खिरीचं पातेलं, सगळे टॅक्सीत! डॉक्टरनं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "डास."

आणि एका सकाळी, सहज, मी मावशीची खीर तोंडात घातली आणि म्हटलं, "साखर कमी आहे." मावशीनं डाव खाली ठेवला. आई ओरडली, "किरकिर केली! पोरीनं किरकिर केली!" आणि देवीला केळीचा घड वाहून आली. त्याच दिवशी पेटीतून दोरा काढला. हे बघा, हात. थरथरतात? नाही ना?

परवा डॉक्टर विचारतो, "कसं वाटतंय?" मी तोंड उघडते तोवर आई म्हणते, "झोपते छान." मावशी म्हणते, "दोन वाट्या खाते." बाहेरून हवालदार म्हणतो, "माझ्या भुवयांना हात लावत नाही!" मला विचारलं का कुणी?

जाऊ दे. चला, मान वर करा. भुवया बारीक करू... काय? जाड हव्यात? अहो, तुम्हाला विचारलं का कुणी? बसा गप, दोरा दातात धरतेय मी.