रंगखात्याचा ग्राफ

साल सत्त्याण्णव. पलासियाच्या कम्प्युटर सेंटरवर मंजुषाताई बायोडाटा छापायला कधीच्या ताटकळल्या होत्या. पुढच्या खुर्चीवरची मुलगी उठायचं नावच घेईना. शेजारी तिचे वडील वाकून पडद्याकडे बघत होते.

"बाबा, तुमच्या मिलचे तिन्ही ग्राफ एका पानावर बसले. कुठल्या खात्यात किती कामगार उरत गेले, ते दिसतं यात."

"बुनाई घसरली, कताई घसरली. आणि आमचं रंगखातं? ही तर सपाट रेघ आहे."

"तुम्ही चाळीसच होता ना. तिघांना एकच स्केल दिलंय, दोन हजारांचं."

"मतलब आम्ही घरी बसलो, ते दिसतच नाही?"

"सर म्हणाले, तुलना करायची तर स्केल एकच पाहिजे."

"सरांचं बरोबर असेल, बेटा. काढ प्रिंट. मागे ताई खोळंबल्यात."

"असू दे, असू दे," मंजुषाताई म्हणाल्या.

मुलीनं पुन्हा की-बोर्ड ओढला.

"आता प्रत्येक खात्याला आपापलं स्केल दिलं, बाबा. खाली तसं लिहिलंय. बघा."

"हां. आता पडलो आम्ही."

"कितनी कॉपी, अंकल?" प्रिंटरजवळच्या पोरानं विचारलं.

"चालीस."