हिरव्या बांगड्यांची तक्रार

चाय पेता पेता आयका, मंग सांगा मी चुकलो का.

मानोऱ्यात आपलं बांगड्यांचं दुकान. आता मोबाइलवरूनही माल जाते. एक दिवस एका बाईची तक्रार आली, 'हिरव्या बांगड्या प्रवासात फुटल्या, बदलून द्या.' फोटो पाह्यला तं डबा धड, आतला कागद धड, अन् बांगड्यांचे तुकडेच तुकडे. माहं डोकंच फिरलं. मी फोन लावला.

"बाई, डबा साबूत हाये. मंग बांगड्या प्रवासात कशा फुटतीन?"

ती म्हणे, "भाऊ, खोटं लिवलं मी. बांगड्या चांगल्या आल्या होत्या. यायनंच मागवल्या होत्या माह्यासाठी. थोड्याच दिवसात हे गेले. बायांनी हातावरच फोडल्या."

"मंग तक्रार मले काहून केली?"

"तुमच्या डब्यावर लिवलं हाये ना, 'काही फुटलं असन तं आमाले सांगा.' मले दुसऱ्या कोणी इचारलंच नाही."

मी फोन ठेवला अन् नवा डबा भराले बसलो. गिऱ्हाइकाले एक जास्तीची द्याचा रिवाज, ती बांगडीही वरून टाकली. घरवालीले सारं सांगतलं होतं, ती पाहून राह्यली होती. म्हणे, "अजी, तिले आता हिरव्या चालतीन काय?"

म्हटलं, "फुटल्या त्याच बदलून द्या लागतात."