जुलैपर्यंत आलेलं वर्ष

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले पोस्टमास्तर साहेब. मंचावर बसलेले फादर, सरपंच आणि हेडमास्तर. ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून आलो ते सत्कारमूर्ती, गंगाराम भोईर. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या नर्मदावहिनी (वहिनी, नीट मागे सरकून बसा, खुर्ची तुमचीच आहे). आणि समोरच्या माझ्या गाववाल्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी पॉलिन तुस्कानो. तिसरी पास. केळीची आणि भाजीची वाडी करते. लग्न केलं नाही, ते का, हा आजचा विषय नाही. मला पाच मिनिटं दिली आहेत. हेडमास्तरांनी वीस घेतली, म्हणून मी दहा घेणार.

गावातर्फे मलाच का बोलायला सांगितलं? कारण गंगारामभाऊ अठरा वर्षं या टपालाच्या बीटवर होते आणि सगळ्यात जास्त वेळ माझ्या दारात थांबले, हे सगळ्यांना माहीत आहे. का थांबले, ते मात्र कोणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांचं चुकलं आहे. त्यातली एक तिसऱ्या रांगेत बसली आहे. उर्सुला, मान खाली घालू नकोस, मी रागावले नाही. रागवायचं ते तेव्हाच रागावून झालं.

अमेरिकेत एक खेळ आहे, बेसबॉल. या सभागृहात दोनशे माणसं असतील. त्यांत तो खेळ दोघांनाच कळतो. एक मी आणि दुसरे गंगारामभाऊ. दोघांनीही तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, मला मध्येमध्ये थांबायला आवडत नाही.

माझा भाऊ मार्सेल अठ्ठावन्न साली बोटीवर गेला. पुढे अमेरिकेतल्या एका बंदरात उतरला आणि तिथेच गोदीत कामाला लागला. त्याला पत्र लिहायचा कंटाळा. वर्षातून एक पत्र, नाताळचं. पण दर महिन्याच्या शेवटी तो तिथल्या पेपरातली बेसबॉलची पानं गुंडाळून, वर सुतळी बांधून, बोटीच्या टपालाने मला पाठवायचा. पानाच्या कडेला पेन्सिलने मराठीत दोन-तीन शब्द असायचे. ‘आज मी गेलो होतो.’ ‘पावसाने घालवला.’ ‘हा माणूस बघ.’ लहानपणी आम्ही चिंचा पाडायचो तेव्हा माझा नेम त्याच्यापेक्षा बरा होता. पहिल्याच गठ्ठ्यावर त्याने लिहिलं होतं, ‘पॉलिन, इथे नेमाचा पगार देतात.’

पानं इंग्रजी. मला इंग्रजी कुठलं? माझी भाची सुझान इंग्रजी शाळेत होती, तिला दाखवलं. ती म्हणाली, “आत्या, हे कोणाला पडलंय?” आणि निघून गेली. मी पानं ट्रंकेत टाकत राहिले. सहासष्ट साली गंगारामभाऊ या बीटवर आले. पहिला गठ्ठा हातात देताना म्हणाले, “बाय, आधी पानी दे. आनि ह्यात काय येतं गो दर महिन्याला? सुतळी तर लई चांगली हाय.”

मी म्हटलं, “तुम्हाला वाचता येत असेल तर वाचा, नाहीतर सुतळी घेऊन जा.”

त्यांचं इंग्रजी म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यांचं इंग्रजी. पण आकडे येत होते आणि शब्द जोडून वाचायची चिकाटी होती. दुपारी टपाल वाटून झालं की शेवटचं घर माझं. ओट्यावर बसायचे, सायकल फणसाला टेकवायची, आणि आम्ही तो खेळ शोधून काढला. हो, शोधूनच. शिकवायला कोण होतं? समजायला दोन वर्षं लागली. अंगणात राखेने चार कोपऱ्यांचा चौकोन काढला आणि दाणे ठेवून माणसं फिरवली. तो चौकोन बघून गावात कोणी तरी म्हणालं की पॉलिन त्या जूचंद्र गावच्या पोस्टमनकडून काही करणी शिकतेय. उर्सुला, परत मान खाली?

एकदा भाऊ वाचता वाचता थांबले. “बाय, चार बॉल खराब टाकले तर मारनारा चालत जातो म्हनं.”

“कुठे जातो?”

“पयल्या कोपऱ्यावर.”

“काही न करता?”

“काय न करता.”

“मग तो आपल्या सरपंचासारखाच झाला.”

सरपंच साहेब, राग मानू नका, हे तुमच्या आधीचे सरपंच होते.

मार्सेलच्या बंदराचा संघ पगारी होता, पण मोठ्या संघांच्या खालच्या पायरीवरचा. पेपरात फोटो यायचे ते आज आहेत आणि उद्या नाहीत अशा माणसांचे. चांगला खेळला की वरचा संघ उचलून नेतो, वाईट खेळला की काढून टाकतात. मधल्यामध्ये एका संघाने दुसऱ्याला विकला तर त्याला विचारतसुद्धा नाहीत. बाजारातला बैल तरी मान फिरवून बघतो कोणी घेतला ते. आणि त्यातला सगळ्यात चांगला मारणारा दहा वेळा उभा राहिला की तीनदा त्याचा फटका लागतो, सात वेळा परत जाऊन बसतो. तरी त्याला लोक डोक्यावर घेतात. मला हे फार आवडलं. आमच्याकडे दहातून एकदा भाजी खारट झाली तर जन्मभर ऐकवतात.

माझा माणूस होता लेस्टर ब्रॉफी. मारणाऱ्याच्या मागे तोंडाला जाळी लावून उकिडवा बसतो तो. फेकणारा दिसतो, मारणारा दिसतो, याच्याकडे कोणी बघत नाही. विळीवर बसल्यासारखा हा तीन-तीन तास बसतो. बारा वर्षं बसला. मध्ये एकदा सहा आठवडे वरच्या संघाने नेला आणि परत पाठवला. मार्सेलने त्याच्याच फोटोच्या कडेला लिहिलं होतं, ‘हा माणूस बघ.’ मी बघितला. बारा वर्षं बघितला.

आता एक गोष्ट सांगते. पोस्टमास्तर साहेब, दोन मिनिटं कानांवर हात ठेवा, कारण हे तुमच्या नियमात बसत नाही. चौऱ्याहत्तर साली लेस्टरचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. हे मला कळलं ऑगस्टच्या गठ्ठ्यातून, आणि तो गठ्ठा आला नोव्हेंबरात. मी रमेदीच्या मातेला नोव्हेना धरला. नऊ दिवस मेणबत्ती आणि गुडघ्यावर प्रार्थना. तेव्हाच्या फादरांनी विचारलं कशासाठी, मी सांगितलं. ते म्हणाले, “पॉलिन, अगं तो सामना सप्टेंबरातच झाला असेल. झालेल्या गोष्टीसाठी प्रार्थना करतेस?” मी म्हटलं, “फादर, मला अजून कळलं नाही म्हणजे माझ्यासाठी झाला नाही. आणि देवाला काय बोटीच्या टपालाची वाट बघावी लागते? त्याला तेव्हाच कळलं असेल मी आता मागणार आहे म्हणून.” फादर उठून आत गेले. बहुतेक पुस्तकात बघायला गेले.

नऊ दिवस झाले, आणि दहाव्या दिवशी भाऊंनी पिशवीतून सप्टेंबरचा गठ्ठा काढला. संघ हरला होता. लेस्टरच्या हातून चेंडू सुटला होता. मी गठ्ठ्यावरचा शिक्का बघितला. तो गठ्ठा आपल्या पोस्टात येऊन आठवडा झाला होता. मी ओरडले, “हा तुमच्याकडे होता? आणि मी तिथे गुडघे फोडत होते?”

भाऊ म्हणाले, “तुज्या दुसऱ्या मेनबत्तीला आला. सुतळी सरकवून डोकावलो. मंग वाटलं, सात दिस अजून ऱ्हाऊ दे. येवढी खूश तुला कदी बघितली नव्हती, बाय.”

साहेब, आता हात काढा. आता ते सेवेतून मोकळे झाले, तुम्ही काही करू शकत नाही.

ऐंशीच्या ऑगस्टमध्ये तार आली. तारही गंगारामभाऊंनीच आणली. फणसाला सायकल टेकवली नाही, हातात धरून उभे राहिले, तेव्हाच मला कळलं. मार्सेल गोदीतच पडला आणि गेला. तिथेच पुरला. आपल्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली, तुम्ही सगळे आलात, मी विसरले नाही. पण मिस्सा झाली की माणसं घरी जातात. जायलाच पाहिजे, त्यांच्या घरी माणसं असतात.

पुढच्या महिन्यात भाऊ परत दारात. हातात गठ्ठा. त्याने जूनच्या शेवटी टाकलेला, तोवर समुद्रात होता. वर मार्सेलचंच अक्षर. मी म्हटलं, “परत पाठवा.”

“कोनाकडं पाठवू, बाय?”

मी सुतळी सोडली. आम्ही ओट्यावर बसून वाचला. ऑक्टोबरात आणखी एक आला, जुलैचा. तोही वाचला. त्यात बातमी होती की लेस्टर ब्रॉफी या मोसमानंतर खेळ सोडणार, गुडघे गेले. मार्सेलने कडेला लिहिलं होतं, ‘शेवटच्या दिवशी मी जाणार.’

त्यानंतर काही आलं नाही. येणार कुठून?

तर माझ्याकडे ते वर्ष जुलैपर्यंतच आहे. संघ कितवा आला, ठाऊक नाही. लेस्टरचा शेवटचा दिवस कसा झाला, ठाऊक नाही. आज इथे हार आहेत, शाल आहे, नारळ आहे. बारा वर्षं उकिडवा बसलेल्या त्या माणसाला कोणी उभं राहून टाळ्या दिल्या का, की जाळी काढून ठेवली आणि मागच्या दाराने घरी गेला? मला झोपताना हे आठवतं. हसू नका. तुमच्यातले कितीजण गेल्या वर्षी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा रडले, मी बघितलंय. तुम्ही गावचे पाच हजार एकत्र रडलात. मला माझ्या माणसासाठी रडायला ओट्यावर एकच जण होता.

पुढे काय झालं ते विचारायला भाऊंनी त्या पेपरला पत्र टाकलं. मला न सांगता, त्यांच्या पत्त्यांच्या इंग्रजीत. मला कळलं ते असं: माझ्या नावाचं काही येत नव्हतं, तरी ते रोज दारात थांबायला लागले. ज्याचं टपाल नाही त्याच्या दारात पोस्टमन थांबत नाही, ही रीत आहे. त्यांनी घंटी वाजवायची आणि म्हणायचं, “आज काय नाय, बाय.” मी विचारलं, कशाचं काय नाही? तेव्हा सांगितलं. पहिल्या वर्षी आम्ही दोघं उत्तराची वाट बघत होतो. दुसऱ्या वर्षी दोघांनाही कळलं होतं की उत्तर येत नाही. ते आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. चार वर्षं, रविवार आणि सुट्ट्या सोडून, पावसापाण्यात ते थांबले. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं असेल तर कधीकधी तेवढंच.

परवा सोमवारी नवा पोस्टमन आला. घंटी वाजवत पुढे गेला. त्याचं काही चुकलं नाही, माझं टपाल नव्हतं. मी फाटकाशी उभी होते, मग विहिरीवर गेले.

एवढं सगळं मी का सांगितलं? शाल माझ्यापेक्षा चांगली कोणी तरी घालेल. मला गंगारामभाऊंना एक विचारायचं आहे, आणि ते एकटीने विचारलं तर ते भिडेने हो म्हणतील, म्हणून सगळ्यांसमोर विचारते. नर्मदावहिनी, तुमच्यासमोर विचारते, हे जास्त महत्त्वाचं.

भाऊ, ट्रंकेत आपण वाचलेले चौदा वर्षांचे गठ्ठे आहेत. सहासष्टपासून. जूचंद्र काही परदेश नाही. महिन्यातून एक दुपार या. वहिनींना घेऊन या, केळी घेऊन जा. पहिल्या गठ्ठ्यापासून परत वाचू. निकाल सगळे ठाऊक आहेत, तरी वाचू. माझ्याकडे पानं आहेत आणि वाचता येत नाही. आणि खरं सांगायचं तर वाचता आलं असतं तरी एकटीने वाचून काय करायचं होतं? चेंडू सुटला की “अरेरे” म्हणायला दोघं लागतात.

काय म्हणालात, वहिनी? जोरात बोला. “त्यांचेच गुडघे गेलेत”? ते मला माहीत आहे, अठरा वर्षं मीच बघतेय सायकलवरून उतरताना. म्हणून तर म्हणते, नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणी नाही म्हणा. मला राग येणार नाही. फक्त ‘बघू’ म्हणू नका. वाट बघायचं काम मी पुष्कळ केलं आहे, आता त्याचा कंटाळा आलाय.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पोस्टाच्या माणसांनी हा कार्यक्रम ठेवला, मंडळाने चहा केला, तुम्ही न उठता ऐकलंत, सगळ्यांची मी आभारी आहे. कमी शिकलेली बाई आहे, तोंड फटकळ आहे. कोणाला लागलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाचं नको तितकं घेतलं असेल, तर सांभाळून घ्या.

माझ्यानंतर सत्काराला उत्तर द्यायला गंगारामभाऊ उभे राहतील. भाऊ, सगळ्यांचे आभार मानून झाले की माझं उत्तर एका शब्दात द्या. मी खुर्चीवर बसत नाही, मागे दाराजवळ उभी राहते. नाही असलं तर मला तिथून लगेच निघता येईल. वाडीला पाणी सोडायचं राहिलं आहे.