जपानी सरांचा फ्लेक्स

आमच्या जपानी सरांच्या फ्लेक्सचं सांगितलं का तुला? चाकणच्या कंपनीत वर्षभर भाषा शिकवून सर जपानला परत निघाले, म्हणून दिघीत त्यांच्या बिल्डिंगखाली मीच निरोपाचा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्याने सवयीने फोटोला हार घातला, खाली समई टाकली. म्हटलं, चालतंय राव.

संध्याकाळी मी सरांचं सामान बांधत होतो. शेजारच्या काकी डोळे पुसत पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दुःखाच्या घरात चूल पेटली नसेल ना! दार सरांनीच उघडलं.

काकी दचकल्या. "हाय व्हय तुमी? मग खावा, गरम हाय."

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या निरोपाच्या भाषणात सर म्हणाले, "वर्षभर काकी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. निघालो, तर रडत जेवण घेऊन आल्या. असा निरोप आमच्याकडे कुणी देत नाही."

आम्ही खाली बघून टाळ्या वाजवल्या.